वाळक्या शेवंतीचा वास

फाल्गुन लागला की माझ्या बोटांना वास यायला लागतो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. कडवट, ओलसर, बंद कपाटात उंदीर मेला असावा तसा. अंगणातली शेवंती संपत आलेली असते आणि मी कैची घेऊन तिची वाळलेली फुलं कापत असते. दर वर्षी ठरवते, पुढच्या खेपेला शेवंती लावायची नाही. दर वर्षी लावते. मग फाल्गुन येतो, आणि जेवताना तोंडाजवळ नेलेला घास मी परत ताटात ठेवते.

फुललेल्या शेवंतीचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. माझ्याकडे डिसेंबरात कोणी आलं की फाटकातच उभं राहून ‘अगाई, काय बहर आहे!’ म्हणतं. हीच माणसं फाल्गुनात आली की अंगणाकडे न बघता सरळ घरात येतात. संपलेल्या शेवंतीत हात घालायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. माझ्यावर शाळेत असताना आली आणि अजून येते. म्हणून मी तिच्याविषयी लिहिणार, आणि नाक मुरडूनच लिहिणार.

गुलाब त्या मानानं सभ्य. पाकळ्या गाळतो आणि मोकळा होतो. जास्वंद संध्याकाळी स्वतःला गुंडाळून घेते नि गळून पडते, कुणाला त्रास नाही. शेवंतीला मात्र जायचं कसं ते कळतच नाही. ती मेली तरी देठ सोडत नाही. आधी कडेच्या पाकळ्या तपकिरी पडतात, मग रोज रात्रीचं दव पिऊन आख्खं फूल चहाच्या चोथ्यासारखं होतं. बोटांत धरलं की पिचकतं. आतून मुंग्या निघतात, कधी एखादी बारीक अळी. मानेवर काळा मावा बसलेला असतो. त्याला बोट लागलं की हिरवट चिकट पाणी नखात जातं आणि तिथेच राहतं. वर अजून दोन फुलं ताजी, टवटवीत, हसरी, आणि त्यांच्या खाली हा सगळा लगदा. मला तर त्या ताज्या फुलांचीसुद्धा शिसारी येते.

आई ह्या कामाला मुंडकी छाटणं म्हणायची. संध्याकाळी शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि मुंडकी छाटायची. नुसतं फूल खुडलं तर ओरडा बसायचा. देठ धरून खाली यायचं, जिथे पानाच्या बगलेत नवा फुटवा दिसतो तिथे, त्याच्या जरा वर कैची चालवायची. मी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, “झाडाले समजत नाही वं, फूल मेलं म्हणून. ते आपलं त्याच्यातच जीव ओतत बसते. आपण कापलं की त्याची सुटका होते, मंग ते नवी कळी काढते.”

“मंग तूच काप नं,” मी म्हणायची.

“मी कापून राहिली नं इकडून. तू तिकडून काप.”

सत्तरनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. बाबा कचेरीत कारकून होते आणि आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे लहानसं अंगण, आणि शेजारच्या क्वार्टरच्या नि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत. आईबाबांच्या लग्नाआधीच दोन्हीकडच्या घरांनी दीक्षा घेतली होती. त्यामुळे आमच्याकडे देव्हारा नव्हता. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढे आई रोज एक पांढरं फूल ठेवायची. त्या एका फुलासाठी तिनं शेवंती लावली, आणि लावायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही. आई कळमेश्वरकडच्या खेड्यातली. तिच्या लहानपणी फुलं पाटलाच्या मळ्यात असायची आणि ती कुंपणाबाहेरून बघायची असायची. आता तिच्या स्वतःच्या अंगणात पांढरी, पिवळी, वांगी रंगाची, बटणासारखी बारीक, बशीएवढी मोठी, सगळी शेवंती होती. थंडीत रस्त्यानं जाणारे सायकलवाले पाय टेकून बघत उभे राहायचे, आणि आई खिडकीतून त्यांना बघायची.

भिंतीपलीकडे माई राहायच्या. त्यांचे यजमान बाबांच्याच कचेरीत, पण वरच्या हुद्द्यावर. माई गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलायला अतिशय गोड. पहिल्याच हिवाळ्यात त्या भिंतीपाशी येऊन आईला म्हणाल्या, “अगं, तुझी शेवंती काय बहरलीय! देवाला चार फुलं घेत जाईन बरं का.”

आईचा चेहरा उजळला. “घ्या नं माई. मीच तोडून देत जाईन नं.”

“छे छे, तू कशाला तसदी घेतेस? मी माझ्या हातानं तोडून घेत जाईन.”

रात्री आईनं हे बाबांना सांगितलं. “लय समजदार बाई हाये. म्हणते, तू कशाले तरास घेतेस.” बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

तेव्हापासून रोज पहाटे माई अंघोळ करून, ओलेत्यानं, परडी घेऊन भिंतीपाशी यायच्या. भिंतीवरून वाकून हात पोचेल तिथपर्यंतची फुलं घ्यायच्या, आणि मग फाटकातून आत येऊन उरलेली. चार फुलांचं कबूल केलं होतं; परडी भरून जायची. त्यांना एक मात्र छान कळायचं. आज उमललेलं फूल आणि परवा उमललेलं फूल त्या अंधारातही ओळखायच्या. परवाचं त्यांच्या देवाला चालत नसे. ते झाडावरच राहायचं, तपकिरी व्हायचं, आणि संध्याकाळी माझ्या वाट्याला यायचं. फुलं त्यांची, मुंडकी आमची, अशी वाटणी होती.

आणि जी फुलं त्या न्यायच्या, तीसुद्धा परत यायची. ह्याची आठवण झाली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, त्याच्यावर पाय पडता कामा नये. नदीत सोडावं नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ठेवावं. नदी लांब होती. माईंच्या अंगणात फरशी घातलेली होती. भिंतीला लागून झाडं होती ती आमची. म्हणून माई काल नेलेली शेवंती आज भिंतीवरून हळूच आमच्या शेवंतीच्या बुडाशी ओतायच्या. त्यात आमची फुलं असायची, पण आता ती आमची वाटायची नाहीत. पंचामृतात भिजलेली, हळदीकुंकवानं लाल-पिवळी चिकट झालेली, उदबत्तीच्या काड्या, विझलेल्या वाती, दुर्वा, एखादा लांब केस, आणि साखरेवर तुटून पडलेल्या मुंग्या. दोन दिवसांत त्यातून आंबट वाफ यायची. ओल्यानं शेवंतीची खोडं बुडातून काळी पडायची. म्हणून मुंडकी छाटून झाली की ते निर्माल्य हातांनी उपसून मागच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं कामही माझ्याकडेच होतं.

एकदा मी नाकाला ओढणी बांधून ते उपसत होते. पलीकडून माईंनी पाहिलं. “निर्माल्य आहे हो ते, कचरा नव्हे. पाय लागू देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. पायाचं त्यांना होतं. माझ्या हातांचं काय, ते त्यांच्या मनातही आलं नाही. मी आत गेले आणि आईला म्हणाले, “आई, हे मी भिंतीवरून वापस टाकून देऊ का?”

“नको. त्यायच्या देवाचं हाये.”

“मंग आपल्या झाडात काहून?”

“त्यायले वाट्टे, झाडापाशी टाकलं की पाप नाई लागत.”

“अन् आपल्याले वास येते त्याचं?”

आई हसली. “वास येते त्याचं खत चांगलं होते. काढ तू.” मला ते हसू अजिबात आवडलं नाही. इतकं सोसणाऱ्या माणसानं निदान हसू तरी नये, असं मला वाटलं.

मी कुणालाही उगाच नावं ठेवत नाही. मलाही स्वच्छतेचं वेड आहे, ते घरात सगळ्यांना जाचतं. दुसऱ्याच्या पेल्याला मी ओठ लावत नाही, बसच्या दांडीला धरलेला हात घरी येऊन दोनदा धुते. त्यामुळे माईंचं पहाटेचं नाहणं, ओलेतं, वेगळा तांब्या, हे सगळं मला सुरुवातीला बरंच वाटायचं. घरात नाही तर निदान शेजारी कोणीतरी माझ्यासारखं आहे असं वाटायचं. किळस येणारी दोन माणसं एकमेकांना लगेच ओळखतात. फक्त किळस कशाची येते हे विचारायचं राहून जातं, आणि माझंही राहून गेलं होतं.

ते पुढच्या हिवाळ्यात कळलं. माईंची बहीण त्यांच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी दोघी भिंतीपलीकडे पायरीवर बसून वाटाणे सोलत होत्या. मी अलीकडे, भिंतीला चिकटून उकिडवी, शेवंतीच्या आड. ओच्यात मुंडकी. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, त्यांना मी दिसत नव्हते.

बहीण म्हणाली, “अगं, ह्यांच्या अंगणातली फुलं तू देवाला वाहतेस?”

“झाडावरच्या फुलाला कसला आलाय विटाळ?” माई म्हणाल्या, त्याच गोड आवाजात. “विटाळ हाताचा असतो. म्हणून तर मी तिला तोडू देत नाही. स्वतः येऊन तोडते.”

बहिणीला ते पटलं असावं. वाटाणे पुन्हा भांड्यात पडायला लागले.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागानं माणूस उठतं, बोलतं, काहीतरी फेकतं. मला नुसती ओकारी आली. ओच्यातल्या त्या लगद्याची नाही. तो मला एकदम सोज्वळ वाटायला लागला. त्या आवाजाची आली. त्या ओलेत्याची, परडीची, अंधारात ताजं फूल ओळखणाऱ्या त्या बोटांची. मला सडलेल्या फुलाची किळस येत होती आणि ह्या बाईला माझ्या आईची येत होती, जी दिवसातून दोनदा अंघोळ करायची आणि जिच्या नखात माती सोडून काही नसायचं. तेव्हापासून मी माझ्या किळसेवर भरवसा ठेवत नाही. ती येते, तेव्हा मी तिला आधी दारातच उभी करते.

आईला हे सांगायचं नाही, असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. कारण आईला तो शेजार फार हवा होता. गावी गेली की ती मामींना सांगायची, माई रोज भिंतीवरून आवाज देते, माई म्हणाली असं, माई म्हणाली तसं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात वरच्या घरची बाई मागायला येत होती आणि आई देत होती. ते देणंच खोटं आहे, आपण झाड वाढवावं, मुंडकी छाटावी, पण फुलाला हात लावू नये असा तो करार आहे, हे तिला कळलं तर काय होईल, ह्याची मला धास्ती होती. ती शेवंती उपटून टाकील अशी भीती नव्हती. उपटणार नाही, आणि रोज पहाटे त्या परडीकडे बघत राहील, ही भीती होती.

मग मी आईवर पाळत ठेवू लागले. एकदा माईंकडे सत्यनारायण होता. आईनं सकाळीच सगळ्यात मोठी पांढरी फुलं स्वतः तोडली, पितळी ताटात रचली आणि निघाली. मी आडवी आले. “नको नेऊ वं आई. त्यायले लागंल तं येतीन त्या.”

“काहून नको? पूजा हाये त्यायच्या घरी.” ती गेलीच. मी फाटकात उभी राहून बघत होते. माई दारात आल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, “अगंबाई, एवढी फुलं! ठेव तिथे पायरीवर.” आईनं ताट पायरीवर ठेवलं. दुपारी त्या फुलांचं तोरण होऊन माईंच्या बाहेरच्या दाराला लागलं होतं. आत पूजेला आमच्याच अंगणातली, पहाटे माईंनी तोडलेली फुलं होती. तोरणातल्या फुलांखालून लोक चपला काढून आत जात होते, आणि ती देवापर्यंत पोचणार नव्हती हे मला एकटीलाच माहीत होतं, असं मला वाटत होतं. आई संध्याकाळी अंगणात आली, तोरणाकडे बघितलं, आणि म्हणाली, “दाराले चांगलं दिसते नाई?” मला तिला हलवून जागं करावंसं वाटलं.

आता मी प्रताप नगरात राहते. पहाटे फिरायला निघणारे एक गृहस्थ आहेत. डोक्याला मफलर, हातात प्लास्टिकची पिशवी. कुंपणातून हात घालून दुसऱ्यांची जास्वंद, तगर, शेवंती ओरबाडतात. मी खिडकीतून खाकरले की, “देवासाठी हो ताई,” म्हणतात, आणि आणखी दोन तोडतात. चोरीचं फूल देवाला जास्त आवडतं असा त्यांचा समज दिसतो. त्यांच्या त्या ओल्या, फुगलेल्या पिशवीची मला भयंकर शिसारी यायची. मध्यंतरी मुलानं फाटकाला नवी पाटी लावली, आडनाव चांगलं ठळक. दोन-चार दिवसांत गृहस्थ आमच्या कुंपणावरून सरळ पुढे जायला लागले. आता ते पलीकडच्या घरची फुलं तोडतात. मुलगा म्हणतो, बरं झालं, ब्याद गेली. बरं झालंच. माझी शेवंती आता झाडावर पूर्ण फुलते, झाडावरच सडते, आणि मला अख्खी छाटावी लागते.

प्रताप नगरला आम्ही आलो तेव्हा इथे काळी माती आणि बाभळी सोडून काही नव्हतं. बाबांनी प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. तोही फाल्गुनच. मुंडकी छाटायचं काम संपून आता झाडंच बसवायची होती. शेवंती फुलून गेली की तिला वीतभर ठेवून वरचं सगळं कापून टाकतात. मग बुडातून पिल्लं फुटतात आणि ती काढून लावली की पुढच्या वर्षीची शेवंती तयार होते. आईनं पत्र्याचे डबे जमवले होते. ती सकाळपासून खुरपं घेऊन पिल्लं सुटी करत होती. कापलेल्या काड्यांचा, काळ्या पडलेल्या पानांचा, मुंडक्यांचा असा ढीग माझ्यासमोर होता की मला श्वास घेववत नव्हता.

माई भिंतीशी आल्या. “अगं, खरंच चाललात का गं? मग त्या पांढऱ्या शेवंतीचं एखादं पिल्लू मला ठेवून जा. कुंडीत लावीन. आता मी देवाला फुलं कुठून आणू?”

“देते नं माई,” आई म्हणाली. तिनं निवडून सगळ्यात जोमदार पिल्लू काढलं. मुळांशी मातीचा गोळा तसाच ठेवून ते ओंजळीत घेतलं, भिंतीपाशी गेली आणि पुढे केलं.

माईंनी हात पुढे केले नाहीत. “ठेव तिथे खाली. मी घेते.”

आई तशीच उभी राहिली.

“भिंतीवर तरी ठेव गं.”

“माती सुटते, माई. हातातच घ्या.”

“अगं, माझी पूजा व्हायचीय अजून,” माई हसून म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले. मी ढिगाशी बसले होते. माझे हात कोपरापर्यंत घाण होते आणि मला वाटलं, आता. आता आईला कळणार, आणि मी इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते ह्या भिंतीवर फुटणार.

आईचा आवाज मात्र विरजण मागताना असायचा तसाच होता.

“माई,” ती म्हणाली, “तुमी पहाटे याच्या आंधी, रोज संध्याकाळी, मी एकेका फुलाले हात लावून ठेवत होती. एक बी नाई सोडलं. कळी असंल तं कळीले बी. इतकी वर्सं तुमच्या देवानं माह्या हातची फुलं घेतली, काई म्हटलं नाई. तुमाले आज काय झालं?”

माईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला कुठे जावं ते कळेना. त्यांनी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. मग त्या वळल्या आणि आत गेल्या. दार लागलं. थोड्याच वेळात त्यांच्या न्हाणीघरातून बादली आदळल्याचा आवाज आला, आणि मग पाणी. तांब्यामागून तांब्या. थांबेचना.

मी आईकडे बघत राहिले. ती डबा घेऊन बसली, ते पिल्लू त्यात उभं केलं, चारी बाजूंनी अंगठ्यानं माती दाबली. पलीकडे पाणी पडतच होतं. आईनं जरा कान देऊन ऐकलं.

“इतक्या वर्सांचं धुवून राहिली बिचारी,” ती म्हणाली. “अन् नळ जायचा टाइम झाला.”